दंडाचे माप आणि दरिद्री अपराधी

कायद्याची पुस्तके वाङ्मयाच्या कक्षेत येत नाहीत, असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. कथा-कादंबऱ्यांची परीक्षणे होतात, कवितासंग्रहांतील एकेका शब्दावर वाद रंगतात. परंतु ज्या पुस्तकातील एका वाक्याने माणूस संध्याकाळी घरी जावयाचा की तुरुंगात, हे ठरते, त्या पुस्तकाची वाक्यरचना परीक्षकाच्या दृष्टीने सहसा कोणी वाचीत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने १८६० सालच्या दंडविधानाची जागा घेतली, तेव्हा तिच्या नावाची व काही ठळक कलमांची पुष्कळ चर्चा झाली. आठव्या कलमाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हे कलम द्रव्यदंडाचे आहे. दंड किती असावा, तो न भरल्यास काय व्हावे, ह्याचे विवेचन त्यात आहे. आमच्या मते सामान्य माणसाच्या आयुष्याशी ह्या संहितेचा जेथे सर्वांत वारंवार संबंध येतो, अशा जागांपैकी ही एक होय. म्हणून प्रस्तुत लेखात तिचेच परीक्षण करण्याचे योजिले आहे.

कोणताही मजकूर ज्यांच्यासाठी लिहिला, त्यांच्याजवळ ठेवून वाचावा लागतो. ह्या कलमापुरते आपण वसईस जाऊ. १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतलेल्या किल्ल्याची वसई सर्वांस ठाऊक आहे. परंतु २००९ साली जिची महानगरपालिका झाली आणि २०१४ साली जी ठाण्यातून निघून पालघर जिल्ह्यात आली, ती आजची वसई-विरार निराळी आहे. किनाऱ्यावर केळीच्या व फुलांच्या वाड्या, कोळीवाडे व मिठागरे. रेल्वेच्या पूर्वेस वारली-कातकऱ्यांचे पाडे. आणि मध्ये नालासोपाऱ्याच्या चाळींतून परप्रांतांहून आलेल्या कामकऱ्यांची दाट वस्ती. वसईच्या मॅजिस्ट्रेटसमोर ह्या सर्व थरांतील माणसे एकाच पिंजऱ्यात उभी राहतात. पाच हजार रुपयांचा दंड हा जमिनीचे व्यवहार करणाऱ्या कंत्राटदारास एका जेवणावळीच्या खर्चाएवढा वाटतो. रोजंदारीच्या मजुरास तीच रक्कम कित्येक दिवसांच्या पोटाला चिमटा घेऊनही उभी करता येत नाही. आकडा एकच, शिक्षा मात्र दोन. त्यातच पूर्वी प्रथम वर्गाच्या मॅजिस्ट्रेटास दहा हजारांपर्यंतच दंड करता येत असे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा पन्नास हजारांवर नेली आहे. म्हणजे दंडाचे हत्यार आता पाचपट जड झाले आहे.

आठवे कलम काय म्हणते ते थोडक्यात पाहू. जेथे रकमेची मर्यादा सांगितलेली नाही, तेथे दंड अमर्याद असू शकेल, पण तो बेसुमार नसावा. ज्या गुन्ह्यास कैद व दंड अशा दोन्ही शिक्षा आहेत, तेथे दंड न भरल्याबद्दलची कैद मूळ कैदेच्या कमाल मुदतीच्या चतुर्थांशाहून अधिक नसावी. जेथे केवळ दंडाचीच अगर समाजसेवेची शिक्षा आहे, तेथे दंड पाच हजारांपर्यंत असल्यास दोन महिने, दहा हजारांपर्यंत चार महिने, आणि त्याहून अधिक असल्यास एक वर्षापर्यंत साधी कैद देता येते. दंड भरताच कैद संपते. काही भाग भरल्यास त्या प्रमाणात ती कमी होते.

जुन्या दंडविधानात हीच शिडी होती; फक्त तिच्या पायऱ्या पन्नास व शंभर रुपयांच्या होत्या आणि शेवटची पायरी सहा महिन्यांची होती. १८६० साली पन्नास रुपये ही मजुराची अनेक महिन्यांची कमाई होती. पुढे रुपया घसरत गेला तरी पायऱ्या हालल्या नाहीत आणि अखेर १०१ रुपयांच्या दंडालाही सहा महिन्यांची कैद जोडणे शक्य झाले. नव्या संहितेने आकडे शंभरपटीने वाढवून हा हास्यास्पद प्रकार बंद केला, हे तिचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. परंतु त्याच हाताने शेवटची पायरी दुप्पट उंच केली. दहा हजारांच्या वर एक रुपयाही गेला की वर्षाची कैद आवाक्यात येते. शिडीची डागडुजी झाली. पण ती कोणाच्या पायांसाठी आहे, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. तो एका शब्दप्रयोगावर आहे. आपल्या कोर्टांच्या निकालांत ‘दंड न भरल्यास’ अमुक दिवसांची कैद, असे ठरीव वाक्य असते. ह्या ‘न भरल्यास’मध्ये दोन अगदी भिन्न माणसे कोंबलेली आहेत: भरण्याची ऐपत असून न भरणारा, आणि भरण्याची ऐपतच नसणारा. मराठी भाषेस हा भेद चांगला कळतो. ‘तो देत नाही’ आणि ‘त्याच्याने देववत नाही’ ही दोन वाक्ये शाळेतील मूलही वेगळी ओळखील. शक्य क्रियापदाची योजना आपल्या व्याकरणाने ह्याचसाठी करून ठेवली आहे. कायद्याच्या भाषेत मात्र शक्य क्रियापद नाही. तेथे देत नाही आणि देववत नाही ह्यांची गत एकच.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. १९३० च्या कायदेभंगात सत्याग्रही मुद्दाम दंड भरण्याचे नाकारीत व तुरुंग पत्करीत. तो नकार हीच त्यांची शक्ती होती, कारण त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या व त्यांतील कठीण वाट त्यांनी निवडली होती. वीटभट्टीवरील मजूर दंड न भरता तुरुंगात जातो, तेव्हा त्याच्यापुढे वाट एकच असते. निवड जेथे नाही, तेथे नकारही नाही. आणि नकार नाही तेथे त्याबद्दल कैद कसली? बरे, एखाद्याने तुरुंग चुकविलाच, तर तो कसा? मालकाकडून उचल घेऊन. ज्या ठाणे-पालघरच्या टापूत लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणसे लग्नगडी म्हणून राबत, ज्यांची कहाणी गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या ग्रंथात सांगितली, तेथे उचलीचा अर्थ निराळा सांगावयास नको. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने नष्ट केली. पण सरकारी दंड भरण्यासाठी माणूस पुन्हा उचलीच्या पाशात सापडला, तर एका कायद्याने सोडविलेली गाठ दुसऱ्याने बांधली, असे म्हणावे लागेल.

ऐपत आणि इच्छा ह्यांतील भेद कायद्यास मुळीच ठाऊक नाही, असे मात्र नाही, आणि हीच खरी आश्चर्याची गोष्ट आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५१ व्या कलमास १९३६ साली एक परंतुक जोडण्यात आले. त्यान्वये केवळ पैशाच्या हुकूमनाम्यासाठी ऋणकोस तुरुंगात धाडण्यापूर्वी, त्याच्याजवळ साधने असून तो देत नाही, किंवा तो पळून जाण्याच्या वा मालमत्ता दडविण्याच्या बेतात आहे, अशा प्रकारची खात्री कोर्टाला करून घ्यावी लागते. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांच्या लेखणीतून, अप्रामाणिकपणा नसताना केवळ दारिद्र्यामुळे ऋणकोस कैद करणे हे घटनेच्या २१ व्या अनुच्छेदास धरून नाही, असा निर्वाळा दिला. म्हणजे सावकाराच्या पैशापायी जो गरीब तुरुंगात जात नाही, तोच सरकारच्या पैशापायी जातो!

ह्यावर कायदेपंडित म्हणतील की, कर्ज निराळे व दंड निराळा. दंड ही शिक्षा आहे. हे खरे. परंतु २००७ साली सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे की, दंड न भरल्याबद्दलची कैद ही मूळ शिक्षाच नव्हे. न भरण्यामुळे ओढवणारी ती एक आपत्ती आहे, आणि ती लादताना गुन्ह्याचे स्वरूप, तो घडला ती परिस्थिती व अपराध्याची स्थिती पाहणे कोर्टाचे कर्तव्य आहे. त्या प्रकरणात लाख रुपयांच्या दंडापोटी दिलेली तीन वर्षांची कैद सहा महिन्यांवर आणण्यात आली. उलट, २०१८ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात, अशा निरनिराळ्या कैदी एकाच वेळी भोगण्याची सवलत देता येणार नाही, असे ठरले. मूळ शिक्षा एकत्र चालू शकतात. दारिद्र्याची कैद मात्र एकामागून एक मोजली जाते. न्यायालये कनवाळू नाहीत असे नव्हे. पण कनवाळूपणा वरच्या कोर्टात पोहोचणाऱ्यालाच लाभतो, आणि तेथे पोहोचण्यास पैसा लागतो.

आमच्या प्राचीन ग्रंथांनी हा प्रश्न पाहिला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गाठोडी कापणाऱ्या चोरास पहिल्या अपराधाबद्दल अंगठा व तर्जनी तोडणे अथवा चोपन्न पण दंड, असा पर्याय आहे. ज्याच्याजवळ पण नाहीत, त्याने बोटे द्यावयाची. द्रव्याच्या जागी देह, हे सूत्र इतक्या उघडपणे क्वचितच कोठे लिहिले गेले असेल. आजच्या कैदेमागे तेच सूत्र सौम्य होऊन उभे आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात, दंड देण्यास असमर्थ असलेल्याने श्रम करून तो फेडावा आणि ब्राह्मणाने मात्र हळूहळू द्यावा, असे सांगितले आहे. त्यातील वर्णभेद आज कोणासही मान्य होणार नाही. तथापि श्रम आणि हप्ते ह्या दोन्ही वाटा तेथे सांगितल्या आहेत, एवढी नोंद करणे प्राप्त आहे. त्याच स्मृतीच्या आठव्या अध्यायात सामान्य माणसास जेथे एक कार्षापण दंड, तेथे राजास सहस्र, असेही म्हटले आहे. माणूस पाहून दंडाचे माप बदलावे, ही कल्पना आपणांस परकी नाही.

हप्त्यांची वाट नव्या कायद्यातही आहे. शिक्षा केवळ दंडाची असल्यास कोर्ट तीस दिवसांपर्यंत मुदत अगर दोन-तीन हप्ते देऊ शकते. ‘देऊ शकते’, देणे भाग नाही. श्रमाच्या वाटेचे स्वागत मोठ्या गाजावाजाने झाले. समाजसेवा ही शिक्षा म्हणून प्रथमच आली, पण ती अवघ्या सहा गुन्ह्यांपुरती. त्यांतील एक गुन्हा क्षुल्लक चोरीचा आहे. पाच हजारांहून कमी किमतीची चोरी व पहिलाच अपराध असेल, तर समाजसेवा, परंतु केव्हा? चोरलेली वस्तू अगर तिची किंमत परत केल्यावर. येथे मसुदा करणाऱ्याची लेखणी घसरली, असे आम्हांस नम्रपणे म्हणावेसे वाटते. ज्याने तांदळाचे पोते चोरून घरी शिजविले, त्याने ते परत कसे करावे? भरपाई करण्याची ज्याला ऐपत आहे, त्याला झाडू मारून सुटता येईल. ज्याला ती नाही, त्याच्यासाठी जुनी कैद आहेच. जी सवलत गरिबासाठी म्हणून सांगितली गेली, तिच्या दारावरच पैशाचा पहारा आहे.

ह्या विवेचनात ज्याची चोरी झाली, त्यास विसरून चालणार नाही. वसईतील ज्या कोळिणीची दिवसाची कमाई लुबाडली गेली, तिचेही पोट हातावरच आहे. तिला भरपाई मिळणे हा न्यायाचाच भाग होय. आमचा आक्षेप भरपाईवर नाही. अशक्य भरपाईच्या हुकुमावर आहे. आरोपी तुरुंगात गेला, तर तिला दमडीही मिळत नाही आणि त्याच्या मजुरीचा ओघ मात्र थांबतो. २०१३ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचा विचार प्रत्येक खटल्यात करावा, आणि तो करताना आरोपीच्या ऐपतीची संक्षिप्त चौकशीही करावी, असे सांगितले. भरपाईपूर्वी ऐपत पाहावयाची, मग दंडापूर्वी का नाही?

बाहेरच्या जगात हे कोडे काही अंशी सुटले आहे. फिनलंडने १९२१ साली व स्वीडनने १९३१ साली ‘दिवस-दंडा’ची पद्धत स्वीकारली, गुन्ह्याच्या गांभीर्यावरून दिवसांची संख्या व माणसाच्या उत्पन्नावरून एका दिवसाची रक्कम. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली जॉर्जिया संस्थानातील एका प्रकरणात, पाचशे डॉलर दंड व अडीचशे डॉलर भरपाई पुरी न भरल्याबद्दल एका बेकार माणसास तुरुंगात धाडताना, त्याने का भरले नाही ह्याची चौकशी केली नाही, म्हणून तो हुकूम रद्द केला. तेथेही हा नियम सर्वत्र पाळला जातो असे नाही. पण नियम लिहिलेला आहे.

आपल्याकडे २०२३ साली केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी साहाय्याची योजना काढली. दंडापायी अडकलेल्या कैद्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने पंचवीस हजारांपर्यंत रक्कम द्यावी, अशी तिची मूळ नियमावली होती. योजना स्तुत्य आहे. पण तिचा तर्क पाहा: एक सरकारी खाते दंड मागते, तो न मिळाल्याने दुसरे खाते माणसास कोंडते, आणि तिसरे खाते तोच दंड भरून त्यास सोडविते. जी चौकशी समिती तुरुंगाच्या आत करते, ती मॅजिस्ट्रेटाने तुरुंगाच्या बाहेर, शिक्षा सांगण्यापूर्वी केली असती, तर ही प्रदक्षिणा कशास हवी होती?

एवंच, आठव्या कलमाची आकडेमोड सुधारली आहे, परंतु त्याची दृष्टी १८६० चीच आहे. त्यात दुरुस्ती हवी ती फार मोठी नव्हे. दंड ठरविण्यापूर्वी अपराध्याची मिळकत व त्याच्यावर अवलंबून असणारी माणसे ह्यांची चौकशी कोर्टास बंधनकारक व्हावी. हप्ते मागणे हा हक्क असावा. समाजसेवेची वाट, वस्तू परत करण्याची ऐपत नसलेल्यासही खुली असावी. आणि कैद केवळ त्यालाच व्हावी, जो देऊ शकत असून देत नाही. १९३६ साली ऋणकोसाठी जे वाक्य लिहिता आले, ते अपराध्यासाठी लिहिण्यास भाषा अपुरी पडण्याचे कारण नाही. तोवर वसईच्या कोर्टात ‘दंड न भरल्यास’ हे शब्द उच्चारले जातील, तेव्हा कंत्राटदार खिशात हात घालील आणि मजूर दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहील. कायद्यापुढे सर्व समान आहेत, हे ज्यांस खरे व्हावेसे वाटते, त्यांनी ह्या दोघांकडे एकदा लक्षपूर्वक पाहावे.