राक्षसाची बाजू कोण लिहिणार?

मराठी बालसाहित्यात राक्षसांची वानवा कधीच नव्हती. पऱ्या आहेत, राजपुत्र आहेत, पुन्हा पुन्हा झाडाला जाऊन लटकणारा वेताळ तर ‘चांदोबा’ने घरोघर नेला. प्रश्न एवढाच, की ही अद्भुताची दुनिया कोणाच्या अंगणातून पाहिलेली आहे? राजपुत्र वाड्यातून निघतो. राक्षस रानात राहतो. मग रानात राहणाऱ्या मुलाने हे वाचून कोणाच्या बाजूने उभे राहायचे? पांढरपेशा बालसाहित्यिकाला हा प्रश्न सहसा पडलेला नाही.

जव्हार-मोखाड्यात हा प्रश्न नुसता वाङ्मयीन राहत नाही. तिथल्या वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी मुलांनी बोहाडा पाहिलेला असतो. संबळाच्या तालावर मुखवटे घालून देव नाचत येतात, तसे रावण आणि त्राटिकाही येतात. सोंग घेणारा कोणी परका नट नसतो, शेतात राबणारा गावचाच माणूस असतो. रावणाच्या मुखवट्यामागे आपला मामा आहे हे ठाऊक असलेले मूल राक्षसाला भितेही आणि ओळखतेही. कल्पित कथा लिहायला याहून मोठे भांडवल कोणते? पण आश्रमशाळेत निबंधाला विषय मिळतो ‘मी पंतप्रधान झालो तर’. मूल पाठ केलेली वाक्ये उतरवते. बोलीतला एखादा शब्द वहीत निसटलाच, तर त्यावर लाल शाई.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी ‘टीचर’ (१९६३) या पुस्तकात वेगळी वाट मांडली. मुलाने स्वतः मागितलेल्या शब्दापासून त्याचे वाचन-लेखन सुरू करायचे. त्या शब्दांत ‘भूत’ हा फार बळाचा निघाला. एकदा पाहिला की मुले तो विसरत नसत.

आपल्यातलेच काही विचारतील: बाबासाहेबांनी १९५६ साली ज्या देवदेवतांच्या जोखडातून सोडवले, तेच वाघोबा-वेताळ पोरांच्या हाती पुन्हा का देता? आक्षेप पोकळ नाही. ‘भुताळी’ हे केवळ गोष्टीतले पात्र नव्हे. त्या नावाने जित्याजागत्या बायांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढले गेले आहे. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा काही हौसेने झालेला नाही. लोककथेला गोंडस समजणाऱ्या शहरी उत्साहाला याचा पत्ता नसतो. (वारली चित्र पिशवीवर छापून घेणाऱ्याने त्यातली गोष्ट कधी विचारली आहे?) पण म्हणून मुलाच्या मनातले भूत वहीबाहेर ठेवल्याने ते मरत नाही, अंधारात पोसले जाते. भुताळी ठरवलेल्या बाईच्या तोंडूनच गोष्ट लिहायला सांगा. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त हीच रीत वापरली. अवतारकथा खोट्या म्हणून ते थांबले नाहीत. बळीच्या बाजूने त्या त्यांनी उलट्या वाचून दाखवल्या.

आणि कणसरी? ती धान्याची देवी. याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणाने मुले दगावली. भात झोडून झाले की कितीतरी कुटुंबे अजून लेकराबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात. त्या झोपडीतले मूल कणसरीची गोष्ट लिहायला बसले, तर ती कोणाच्या कोठारात कोंडली गेली, हे त्याला शिकवावे लागणार नाही. कणसरी सुटते की नाही, तेही त्यालाच ठरवू द्यावे. गुरुजींनी शेवट सुचवू नये, आणि गोष्टीखाली ‘तात्पर्य’ लिहून घेण्याची सवय तर आधी सोडावी.