स्वतःप्रामाण्य आणि 'अमृतानुभव'

ईश्वराने सांगितले म्हणून वेद प्रमाण आणि वेदात सांगितले म्हणून ईश्वर सिद्ध, या समर्थनातील अन्योन्याश्रय दोष दाखविणे सोपे आहे. मात्र तो दोष नास्तिकांइतकाच ७ व्या शतकातील कुमारिल भट्टांनाही जाणवला होता, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. 'श्लोकवार्तिका'त त्यांनी वेदाच्या प्रामाण्यासाठी ईश्वराचा आधारच नाकारला.

कुमारिलांच्या मते ज्ञान उत्पन्न होताच प्रमाण असते. त्याच्या प्रामाण्यासाठी दुसरे ज्ञान हवे असे मानले, तर त्या दुसऱ्याला तिसरे लागेल आणि अनवस्था ओढवेल. अप्रामाण्य तेवढे बाहेरून कळते : एकतर ज्ञानाच्या कारणात दोष आढळतो, किंवा नंतरच्या ज्ञानाने आधीच्याचा बाध होतो. वेदाला कर्ताच नाही, तेव्हा कर्त्याचे अज्ञान वा कपट संभवत नाही. आणि यागाने स्वर्ग मिळतो या विधानाचा बाध प्रत्यक्षाने होऊ शकत नाही.

या युक्तिवादाने वेदाचे सत्यत्व सिद्ध होत नाही. सिद्धतेचा भार तेवढा प्रतिपक्षावर पडतो. जे तपासताच येत नाही ते अबाधित राहिले, यात नवल कसले? नैयायिकांनी ही उणीव ओळखली होती. 'न्यायसूत्रां'त वेदप्रामाण्यासाठी मंत्र व आयुर्वेद यांचा दृष्टान्त येतो. जेथे फळ दिसते तेथील विश्वास जेथे दिसत नाही तेथे न्यायचा. पण औषधाच्या बाबतीत भरवशाचा ठरलेला वैद्य परलोकाविषयीही भरवशाचा का मानावा, हे त्यातून उलगडत नाही.

कुमारिलांची सारी मदार मग अपौरुषेयत्वावर येते, आणि त्याचा पुरावा काय, तर कर्ता कोणास स्मरत नाही. जुन्या विहिरींचे कर्तेही कोणास स्मरत नाहीत, असा आक्षेप प्रतिपक्षाने घेतलाच होता. (जात्यावरच्या ओव्यांनाही याच न्यायाने अपौरुषेय म्हणावे लागेल!) यावर मीमांसकांचे उत्तर दुर्बल नाही. 'वृद्धि' ही संज्ञा वापरणाऱ्याला पाणिनीचे स्मरण ठेवावे लागते, हे शबरांनी दाखविले होते. खर्चिक, कष्टाचे याग ज्याच्या शब्दावर करायचे, तो कर्ता असता तर विसरला गेला नसता. तथापि हे स्मरण ज्या परंपरेचे, तिच्याच विश्वसनीयतेचा प्रश्न येथे आहे. दारातून घालविलेला अन्योन्याश्रय खिडकीतून परत येतो.

१३ व्या शतकाच्या अखेरीस ज्ञानदेवांनी 'अमृतानुभवा'त हा प्रश्न निराळ्या जागी नेला. तिसऱ्या प्रकरणात ज्ञानही बंधच, असे सांगताना ते 'शिवसूत्रे' व 'गीता' यांचा आधार घेतात आणि लगेच बजावतात, की शिवाने वा श्रीवल्लभाने म्हटले म्हणून हे मान्य केलेले नाही. ते बोलले नसते तरीही हे असेच असते. आप्तवाक्य आधी घेऊन मग त्याला अनावश्यक ठरविण्याचा हा क्रम महत्त्वाचा आहे. याला बुद्धिवादाचा उद्गार समजणारे अभ्यासक मात्र घाई करतात. ज्ञानदेव प्रमाणशास्त्राच्या एका पक्षातून दुसऱ्यात जात नाहीत. सिद्ध करण्याची भाषाच ते अपुरी ठरवितात. 'शब्दखंडना'त शब्दाला विस्मृताची आठवण करून देणारा, अरूपाचा आरसा म्हणून गौरविले आहे. पण मुळातच नसलेली अविद्या तो नष्ट करू शकत नाही आणि स्वयंसिद्ध आत्मा तो सिद्ध करू शकत नाही, असा निर्णयही तेथेच आहे.

या भूमिकेची किंमत मोठी आहे. जे स्वसंवेद्य आहे त्याच्या बळावर, ते अनुभवास न आलेल्या वाचकाला बांधता येत नाही. विवादात जिंकण्याचा हक्क येथे सुटतो. वेदाच्या स्वतःप्रामाण्याचा दावा सर्वांसाठी होता. हा दावा त्या अर्थाने दावाच उरत नाही. त्यामुळे अन्य अनुभवाचा साक्षीदार उभा राहिला, तर त्याला उत्तर देण्याची सोय या ग्रंथात नाही, आणि ती असल्याचा आव ज्ञानदेव आणीतही नाहीत. अज्ञानाचे खंडन प्रदीर्घ तर्काने करणारा हा कवी दहाव्या प्रकरणात ग्रंथ पुढे करतो तो निर्णय म्हणून नव्हे, तर सेवन करण्याचे अमृत म्हणून.