कारण आणि पुरावा : ‘द अनटचेबल्स’च्या निमित्ताने

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. पराभूत टोळ्यांतून फुटलेली, गावाबाहेर वसलेली माणसे बौद्ध धम्माला धरून राहिली आणि त्यांनी गोमांस सोडले नाही. म्हणून ती अस्पृश्य ठरली, असा त्यातील सिद्धान्त आहे. त्याच्या समर्थनार्थ मिळेल तो पुरावा जमा करण्याची प्रवृत्ती आपल्यात दिसते. परंतु पुराव्यांची संख्या वाढल्याने कार्यकारणभाव दृढ होतोच असे नाही.

एखाद्या अस्पृश्य वस्तीजवळ लेणी आढळली, एवढ्याने काय सिद्ध होते? महाराष्ट्रात लेणी जागोजागी आहेत. स्पृश्यांच्या वस्त्यांजवळही आहेत. दोन्ही पक्षांना सारखाच लागू पडणारा पुरावा कोणत्याच पक्षाला बळ देत नाही.

बाबासाहेबांची स्वतःची रीत निराळी आहे. अस्पृश्यता धंद्यातून उद्भवली, या स्टॅन्ले राइस यांच्या मताला त्यांनी नारदस्मृतीच्या आधारे उत्तर दिले. घाणेरडी कामे आर्यांतील दासही करीत. तरी ते अस्पृश्य झाले नाहीत. म्हणजे कारण हजर, पण कार्य गैरहजर. वंशभेदाचे मत त्यांनी घुर्ये यांच्या मोजमापांवरून नाकारले. प्रतिस्पर्धी कारण असे बाद झाले, की उरलेल्या कारणाचे बल वाढते.

मात्र ती माणसे बौद्ध होती, याला प्रत्यक्ष पुरावा नाही, हे बाबासाहेबांनीच मान्य केले आहे. तत्कालीन बहुसंख्य लोक बौद्ध होते, या अनुमानावर त्यांनी भिस्त ठेवली. येथेच सिद्धान्ताचा नाजूक सांधा आहे. अमरावतीच्या स्तूपावर विधिक नावाच्या चर्मकाराचा दानलेख आहे. चर्मकार धम्माचा उपासक व दाता होता, हे त्यावरून निश्चित ठरते. परंतु त्याचे वंशज धम्मामुळेच अस्पृश्य झाले, हे ठरत नाही. धम्म जेथे दीर्घकाळ टिकला तेथे अस्पृश्यता उशिरा आली आणि जेथे लवकर लोपला तेथे लवकर आली, असे प्रदेशवार दाखविता आले, तर तो पुरावा खरोखर सिद्धान्ताला बळकटी देईल. उलट आढळले, तर सिद्धान्त तपासावा लागेल.

असे म्हणणे हा बाबासाहेबांचा अनादर नव्हे. आपला सिद्धान्त अंतिम आहे, असा दावा त्यांनी केला नव्हता. केवळ गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. कारण असता कार्य, कारण नसता कार्याचा अभाव, या दोन्ही बाजू पाहण्याची शिकवणही त्यांचीच. आपल्या अभ्यासकांनी अनुकूल पुराव्याला हीच कसोटी प्रथम लावावी. विरोधक ती लावणारच आहेत.