आकृतीत वेळ कुठे आहे?

मोटारीतल्या ब्रेकच्या संगणकाने बरोबर उत्तर उशिरा दिले, तर ते चुकीचेच ठरते. अशा रिअल-टाइम प्रणाली आकृत्यांतून रचण्याची विद्या आता चार दशकांची झाली आहे. प्रणालीचे वागणे रेखाटण्यात तिने मोठी मजल मारली. वेळ मात्र तिने बहुतेकदा समासातल्या टिपणासारखा वागवला. तिची खरी उणीव हीच आहे, असे माझे मत आहे.

सुरुवात भक्कम होती. इस्रायलच्या ‘लावी’ लढाऊ विमानाच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करताना डेव्हिड हारेल यांनी स्टेटचार्ट, म्हणजे प्रणालीच्या अवस्था आणि त्यांतले बदल दाखवणारी आकृती, घडवले. त्यावरचा त्यांचा मूळ निबंध १९८७चा. चालू-बंद अशा दोनच अवस्था असलेले दहा स्वतंत्र भाग जुन्या सपाट पद्धतीने दाखवायचे, तर १०२४ अवस्था काढाव्या लागतात. समांतर कप्पे केले की वीस पुरतात. ही केवळ कागदाची बचत नव्हे. आकृतीकडे पाहून अभियंत्याला विचार करता येऊ लागला. पण चित्र एक आणि अर्थ अनेक, ही अडचणही तिथूनच आली. आतल्या आणि बाहेरच्या अवस्थेतून एकाच घटनेवर दोन बाण निघत असतील, तर ‘स्टेटमेट’ या साधनात बाहेरच्याला अग्रक्रम मिळतो, यूएमएल या आकृतीभाषेत आतल्याला. रेघ न् रेघ सारखी असूनही यंत्र वेगळे वागेल.

वेळेचा प्रश्न याहून खोल आहे. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागला. हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या कमी प्राधान्याच्या टास्कने एक कुलूप धरून ठेवले होते, वरच्या प्राधान्याचे टास्क त्याची वाट पाहत होते आणि मधल्या प्राधान्याचे टास्क खालच्याला पुढे सरकू देत नव्हते. प्राधान्य-वारशाची, म्हणजे कुलूप धरणाऱ्या टास्कला तात्पुरते वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य देण्याची, सोय पृथ्वीवरून सुरू केल्यावर हे रीसेट थांबले. या टास्कची स्टेटचार्ट वेगवेगळी काढली असती, तर प्रत्येक निर्दोष दिसले असते. दोष होता तो एका प्रोसेसरवर त्यांनी एकत्र राहण्यात. यूएमएलला २००९मध्ये ‘मार्टे’ ही पुरवणी मिळाली आणि मुदत, कालावधी, प्राधान्य लिहायची सोय झाली. मात्र लिहिलेली मुदत पाळली जाईल की नाही, हे विश्लेषणाचे वेगळे साधन जोडल्याशिवाय कळत नाही, आणि ते जोडणे ऐच्छिक आहे.

यावर आक्षेप येतो, की वेळ प्रोसेसरवर आणि कॅशवर अवलंबून असतो, तो आकृतीत येणारच कसा? मोजमाप हार्डवेअरवरच करावे लागेल, हे खरे. पण मुदत ही हार्डवेअरची नव्हे, रचनेची अट आहे. फ्रान्समध्ये जन्मलेल्या ‘लस्टर’ भाषेवर आधारलेल्या ‘स्केड’ या साधनाने हा मार्ग दाखवला आहे: मुभा कमी, अर्थ एकच, काळ ठरावीक ठोक्यांचा, आणि कोड त्याच आकृतीतून निघालेला. एक ठोका पुरा व्हायला जास्तीत जास्त किती वेळ लागेल, एवढेच मग तपासायचे उरते. एअरबसच्या उड्डाण-नियंत्रणात ही पद्धत वापरली गेली. अनपेक्षित घटनांनी भरलेल्या कामांना ती जाचक होते, हे मान्य. तिथे स्टेटचार्टच हवे. ‘हाताने लिहिलेला कोड पुरे’ हे म्हणणे मात्र टिकत नाही, कारण पाथफाइंडरसारखा दोष कोडच्या ओळींतही सहज दिसत नाही.

म्हणून नवे साधन निवडताना चिन्हांची संख्या मोजू नका. मुदत चुकणार असेल तेव्हा ते साधन कोड तयार करायला नकार देते का, एवढे आधी विचारा.