पडद्यावरची शिवी आणि घरातले कान

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील युवकांनी सभागृहात 'फँड्री' हा मराठी चित्रपट दाखविला. निवड आमची होती, हे आरंभीच कबूल करतो. सतरंजीवर पुढे मुले, मागे खुर्च्यांवर पालक, आणि भिंतीला टेकून उभे असलेले काही ज्येष्ठ, असा शंभर-सव्वाशेचा समुदाय जमला होता. चित्रपट सुरू होऊन पाऊण तास झाला असेल-नसेल, एक माता उठल्या आणि आपल्या दोन मुलांना हाताला धरून बाहेर निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मिस्सानंतर त्या दारात थांबल्या व शांतपणे म्हणाल्या, "फादर, घरात असला शब्द तोंडातून निघाला तर आम्ही मुलांना जेवायला वाढीत नाही. तो शब्द काल तुम्ही देवळाच्या सभागृहात मोठ्या आवाजात ऐकविलात."

आम्ही तत्काळ उत्तर दिले, "बाई, जग असेच बोलते." उत्तर देताना आम्हांला ते पुरेसे वाटले. दुपारी ते आम्हांलाच तोकडे वाटू लागले. जगात शिव्या आहेत म्हणून त्या चित्रपटात असल्या पाहिजेत, हा युक्तिवाद आजकाल फार ऐकू येतो. जगात खोकलाही आहे, जांभयाही आहेत. परंतु कोणताही दिग्दर्शक नायकाला दर दोन वाक्यांनंतर खोकायला लावीत नाही. कलेत जे येते ते निवडून येते आणि जे निवडले त्याचा जाब निवडणाऱ्याला द्यावाच लागतो. तो जाब 'फँड्री'ला देता येतो काय, याचा विचार आम्ही पुढचे काही दिवस करीत होतो. वाचकांपुढे तो मांडावासा वाटतो, कारण हा प्रश्न त्या एका मातेचा नाही.

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा' ग्रंथातील निंदानालस्तीविषयीचा भाग आम्हांला शिकविला गेला. त्या वयात तो रूक्ष वाटला होता. आज त्यातील एक भेद फार मोलाचा वाटतो. संत थॉमस यांच्या मते शब्द हा केवळ ध्वनी म्हणून कोणाला इजा करीत नाही. तो ज्या अर्थाचे चिन्ह असतो आणि बोलणारा ज्या हेतूने तो फेकतो, त्यामुळे दुसऱ्याच्या सन्मानाला जखम होते. म्हणजे शिवीचे पाप जिभेवर कमी आणि हृदयात अधिक असते. प्रभू येशूनेही डोंगरावरील प्रवचनात भावाला हिणविणाऱ्या साध्या शब्दाला खुनाच्या शेजारी नेऊन बसविले. तो शब्द आजच्या हिशेबाने शिवी म्हणण्याच्याही लायकीचा नाही. उलट त्याच प्रभूने परूश्यांना सापांची उपमा दिली आणि हेरोदाला कोल्हा म्हटले. शब्दांची यादी हातात घेऊन शुभवर्तमान वाचू लागलो तर आपला गोंधळ उडेल.

नागराज मंजुळे यांचा हा पहिला दीर्घ चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. त्यापूर्वीच त्याला पदार्पणातील सर्वोत्तम दिग्दर्शकाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला नव्हता. तो नंतर आला, आणि जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे यालाही उत्कृष्ट बालकलाकाराचा मान मिळाला. कथा थोडकी आहे. गावाच्या कडेला राहणाऱ्या कैकाडी कुटुंबातील हा मुलगा शाळेतल्या शालूवर जीव लावून बसला आहे. काळ्या चिमणीची राख मिळाली तर ती वश होईल या समजुतीने तो गलोल घेऊन रानोमाळ फिरतो. बाप कचरू (किशोर कदम यांनी ही भूमिका विलक्षण ताकदीने केली आहे) गावाची पडेल ती कामे करतो, आणि गावात डुकरे मोकाट झाली की ती पकडण्याचे काम याच घराकडे येते.

या चित्रपटात भाषा रांगडी आहे, शिवराळ आहे. परंतु त्यातला सर्वांत विषारी शब्द कोणता? तो चित्रपटाच्या नावातच आहे. 'फँड्री' म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. एका प्राण्याचे नाव. कोणत्याही परीक्षण मंडळाला त्यावर बोट ठेवता येणार नाही. पण शेवटच्या भागात सारे कुटुंब शाळेसमोर डुकराच्या मागे धावते आहे, गाव कठड्यावर बसून क्रिकेटचा सामना पाहावा तशी मजा पाहते आहे, शालूही त्या पाहणाऱ्यांत आहे, आणि तो शब्द जब्याच्या पाठीवर पुन्हा पुन्हा आदळतो आहे, तेव्हा त्यापुढे इतर सगळ्या शिव्या फिक्या पडतात. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि धावणारे कुटुंब आहे तिथे ताठ उभे राहते. डुक्कर मात्र निसटते. पुढे मेलेले डुक्कर काठीला बांधून बापलेक ज्या भिंतीवरून जातात तिच्यावर डॉ. आंबेडकरांचे चित्र आहे. एकही संवाद नाही. शिव्यांनी भरलेला चित्रपट आपल्या सर्वांत मोठ्या क्षणी गप्प बसतो. आणि अखेरीस जब्या दगड भिरकावतो तो थेट प्रेक्षकांच्या दिशेने येतो.

येथे शिवी कोणाच्या बाजूने उभी आहे ते पाहावे. ती बोलणारा मोठा होत नाही, उघडा पडतो. ती ऐकून सभागृहात कोणी हसले नाही. आमच्या मते हीच खरी कसोटी आहे: पडद्यावर शिवी दिली गेली तेव्हा प्रेक्षक कोणाकडे ओढला जातो, देणाऱ्याकडे की सोसणाऱ्याकडे?

हीच कसोटी उलटी लावून पाहू. दादा कोंडके यांच्या चित्रपटांत सरळ शिवी शोधावी लागते. भाषा ग्रामीण, शब्द घरगुती, आणि अर्थ मात्र दोन. परीक्षकांनी हरकत घ्यावी तर दादा साळसूदपणे पहिला अर्थ पुढे करीत. त्यांचा हजरजबाबीपणा आम्ही नाकारीत नाही, 'सोंगाड्या'तील भाबडेपणाही आम्हांला आवडतो. तथापि पुढच्या अनेक चित्रपटांतील विनोदाचा भार बहुधा स्त्रीच्या देहावरच पडला, आणि त्यात प्रेक्षक हसणाऱ्याच्याच बाजूने असतो. आमच्या लहानपणी याच चित्रपटांना घरची वडीलधारी माणसे आम्हांला घेऊन जात. शिवी नव्हती ना!

आता गेल्या काही वर्षांत घरोघरी मोबाइलवर आलेल्या मालिकांकडे वळू. तेथे परीक्षण मंडळाची कात्री नाही. त्यामुळे जे मोकळेपण आले त्याचा काही लेखकांनी सदुपयोग केला, पण बहुतेकांनी शिवीचा उपयोग स्वल्पविरामासारखा केला आहे. पोलीस असो, प्राध्यापक असो वा गुंड, सगळे एकाच तोंडाने बोलतात. याला वास्तववाद म्हणणे म्हणजे वास्तवाचा अपमान होय. खरा शिवराळ मनुष्यही आईसमोर, मालकासमोर, डॉक्टरसमोर वेगळा बोलतो. त्या फरकातच त्याचा स्वभाव दिसतो. शिवाय आपल्याकडच्या शिव्यांचे व्याकरण तपासावे. भांडण दोन पुरुषांचे, आणि अब्रू जाते ती तेथे हजरही नसलेल्या आईची वा बहिणीची. शंभर वेळा ऐकल्यावर कान बधिर होतो आणि त्या अनुपस्थित स्त्रीचा विचार कोणाच्याही मनात येत नाही. आमची पहिली तक्रार सभ्यतेविषयी नाही. ती त्या स्त्रीविषयी आहे.

सरकारी परीक्षणाने हा प्रश्न सुटेल अशी आशा आम्ही बाळगीत नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत मंडळाकडून निषिद्ध शब्दांची एक यादीच निघाली होती. मंडळातूनच विरोध झाल्यावर ती बाजूला ठेवावी लागली. यादीने काय होते? शब्द जातो, 'टूं' असा आवाज येतो, आणि पाचवीतला मुलगा शेजाऱ्याला विचारतो, "काय म्हणाला रे?" जो शब्द कानाआड गेला असता तो आता कोडे होऊन मनात बसतो.

आणखी एक गोष्ट कॅथलिक वाचकांच्या ध्यानी आणून द्यावीशी वाटते. इंग्रजी चित्रपटांत देहाशी संबंधित शब्द आला की आपण रिमोट शोधतो. परंतु रागात, आश्चर्यात, गाडी चुकली म्हणून आपल्या तारणाऱ्याचे नाव थुंकल्यासारखे उच्चारले जाते तेव्हा आपल्या घरात कोणी हलत नाही. दुसरी आज्ञा धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करून आलेली मुले ते ऐकतात आणि तसेच म्हणू लागतात. मराठीतील शिवी दिली तर मार, इंग्रजीतील दिली तर "मुलगा कॉन्व्हेंटला जातो"! वसईपासून पुण्यापर्यंत अनेक घरांत आम्ही हे पाहिले आहे.

ख्रिस्तसभेने चित्रपटाकडे फार पूर्वीपासून लक्ष दिले आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली या विषयावर स्वतंत्र परिपत्रक काढले. त्यापूर्वी अमेरिकेत १९३० मध्ये चित्रपटांसाठी जी आचारसंहिता तयार झाली तिच्या लेखनात डॅनियल लॉर्ड या येशूसंघीय धर्मगुरूचा हात होता. ती संहिता कडक होती, पुष्कळदा हास्यास्पद होण्याइतकी कडक. परंतु तिच्याच अमलात १९५४ साली एलिया कझान यांचा 'ऑन द वॉटरफ्रंट' निघाला. त्यात भावाच्या खुनाने पेटलेला टेरी पिस्तूल घेऊन गुत्त्यात बसला आहे. फादर बॅरी ते मागतात. टेरी त्यांना नरकात जायला सांगतो. फादर पुन्हा विचारतात, टेरी पुन्हा तेच म्हणतो, आणि फादर त्याला ठोसा लगावतात! मग दोघांसाठी बिअर मागवतात. संहितेने एरवी वर्ज्य मानलेले ते शब्द येथे मान्य झाले, कारण ते काढले असते तर प्रसंगच उरला नसता. फादर बॅरीच्या मागे न्यूयॉर्कच्या गोदीतील फादर जॉन कॉरिडन हे खरे येशूसंघीय होते. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने पंचेचाळीस चित्रपटांची निवड केली, त्यात मूल्यांच्या विभागात हा चित्रपट आहे. आणि अमेरिकेत सतरा वर्षांखालील मुलांना पालकांविना मज्जाव असलेला 'शिंडलर्स लिस्ट'ही त्याच विभागात आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या संपर्कमाध्यमांविषयीच्या हुकूमनाम्यात असे मान्य केले आहे की, वाइटाचे चित्रण नीतीची मर्यादा सांभाळून केले तर माणसाची खोल ओळख करून देऊ शकते.

हे सारे आम्ही त्या मातेला ऐकविले असते तर आमचा विजय झाला असता. परंतु एक गोष्ट आम्हांला अडवीत होती. 'बँडिट क्वीन' प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला, त्यात चित्रपटातील शिव्यांविषयी म्हटले होते की, असे शब्द गल्लोगल्ली रोज ऐकू येतात आणि चित्रपटात आले म्हणून कोणी प्रौढ ते वापरू लागणार नाही. निकाल योग्यच आहे. पण न्यायालयाचे बोलणे प्रौढांविषयी होते. सतरंजीवर पुढच्या रांगेत बसलेला सात वर्षांचा मुलगा प्रौढ नव्हता. त्याला सोसणाऱ्याची बाजू कळत नाही. त्याला आवाज कळतो. सुम्मा शिकलेल्या आम्हांला जे उमगले नाही ते त्या मातेला उमगले होते. चूक चित्रपटाची नव्हती, ती सतरंजी अंथरणाऱ्यांची होती.

तरीही 'फँड्री' दाखविला याचा पश्चात्ताप आम्हांला का होत नाही, ते सांगणे भाग आहे. पुढच्याच रविवारी धर्मशिक्षणाच्या आठवीच्या वर्गात एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, "फादर, आपण त्या मुलाला जे म्हणतो ते पण तसेच का?" वर्गात एक आदिवासी मुलगा होता, वाडीवर कामाला आलेल्या कुटुंबातला, त्या दिवशी गैरहजर. वर्गातील मुले त्याला नावाने हाक मारीत नसत, जमातीच्या नावाने मारीत. त्या शब्दात वावगे काही नाही. सरकारी दाखल्यावर तो छापलेला असतो. पण कोणत्या स्वरात? आम्ही दोन वर्षे तो स्वर ऐकत होतो आणि आमच्या कानाला तो कधी टोचला नव्हता. ही सारी चांगल्या घरची मुले, ज्यांच्या घरी शिवी दिली तर जेवण मिळत नाही.

२०२४ च्या नियमांपासून चित्रपटांच्या प्रमाणपत्रात पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावयाच्या वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग झाले आहेत. मोबाइलवरील मालिकांना अशीच वर्गवारी २०२१ पासून लागू आहे. आम्हांला ही सोय शब्दांच्या यादीपेक्षा शहाणपणाची वाटते, मात्र ती वाचणारा कोणी घरात हवा. आमच्या सभागृहापुरता आम्ही नियम केला आहे: चित्रपट आधी दोन पालक पाहतात आणि त्यात काय ऐकू येईल ते रविवारच्या सूचनांत स्पष्ट सांगितले जाते. लहान मुलांसाठी त्याच वेळी शेजारच्या खोलीत दुसरा कार्यक्रम असतो.

त्या दोन पालकांपैकी एक, त्या माता आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी एक विनोदी चित्रपट नाकारला. त्यात एकही शिवी नव्हती. आम्ही कारण विचारले, तर म्हणाल्या, "फादर, त्यात तोतऱ्या माणसाला दोन तास हसले आहेत. आमच्या गल्लीत एक तोतरा मुलगा आहे."