लोणार सरोवराची छायाचित्रे आणि रंगाची विश्वसनीयता : एक चिकित्सा

प्रस्तावना :
बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे एरवी हिरवट दिसणारे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा बदल हॅलोआर्किया या लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचे निष्पन्न झाले. प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांत मात्र गुलाबीच्या छटा एकसारख्या नाहीत. प्रकाश बदलतो हे खरे. तथापि कॅमेऱ्यातील सेटिंगचा वाटाही तपासणे आवश्यक ठरते.

कलर स्पेस :
कॅमेऱ्यात बहुधा दोन पर्याय असतात : १९९६ चा एसआरजीबी आणि १९९८ चा अ‍ॅडोबी आरजीबी. दुसऱ्याची व्याप्ती अधिक असली तरी ती मुख्यतः हिरव्या व निळसर-हिरव्या रंगांत आहे. म्हणजेच त्याचा लाभ हिरव्या लोणारला होतो. फिकट गुलाबी छटा पहिल्यातही सामावते. शिवाय, प्रोफाइलची दखल न घेणाऱ्या पडद्यावर अ‍ॅडोबी आरजीबीतील चित्र उलट निस्तेज दिसते. त्यामुळे भडक गुलाबीचे श्रेय कलर स्पेसला देता येत नाही. त्याचे कारण व्हाइट बॅलन्स व रंगगडदपणा यांत शोधावे लागते. हे सेटिंग जेपेगपुरतेच लागू होते, रॉ फाइलमधील मूळ नोंद त्याने बदलत नाही.

डायनॅमिक रेंज :
दुपारी काठावरील पांढरट क्षारांचा थर आणि विवराच्या उतारावरील दाट झाडी यांतील प्रकाशभेद मोठा असतो. एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट. एक्स्पोजर अधिक झाल्यास गुलाबीतील लाल घटक प्रथम कमाल मर्यादेस पोहोचतो व छटाच बदलते. निकॉनचे अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग किंवा कॅननचे हायलाइट टोन प्रायॉरिटी सेन्सरची क्षमता वाढवत नाही. उजळ भाग जपून सावल्या उजळवल्या जातात. चित्र देखणे होते, परंतु दोन तारखांची तुलना अविश्वसनीय ठरते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगघटकाच्या २५६ पातळ्या, तर १४ बिट रॉमध्ये १६,३८४ असतात. पुढील दुरुस्तीस वाव तेथेच उरतो.

निष्कर्ष :
नासाने प्रसिद्ध केलेल्या २५ मे व १० जून २०२० च्या लँडसॅट-८ प्रतिमा तुलनेस ग्राह्य वाटतात, कारण दोन्हींचे उपकरण एकच आहे. जमिनीवरून घेतलेल्या छायाचित्रासही हाच निकष लावावा लागेल : रॉ फाइल, स्थिर एक्स्पोजर, चौकटीत करडे कार्ड आणि वेळेची नोंद. महाविद्यालयीन क्षेत्रभेटींच्या अहवालांत ही नोंद नसेल, तर चित्र सुंदर असूनही सरोवराच्या रंगाचा पुरावा म्हणून ते अपुरेच राहते.