ऊसतोड कामगारांच्या मुलांचा सांभाळ करणारे आजी-आजोबा आणि गावपातळीवरील आधारव्यवस्था : एक समीक्षा

सारांश

ऊसतोडणीच्या हंगामात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील जी मुले गावी राहतात, त्यांचा सांभाळ प्रामुख्याने आजी-आजोबा करतात. मुलांचे शिक्षण, पोषण व संरक्षण यांसाठीच्या योजना या सांभाळावर उभ्या आहेत. मात्र सांभाळ करणाऱ्या वृद्धांची दखल त्यांपैकी एकही योजना स्वतंत्रपणे घेत नाही. प्रस्तुत लेखात बीड जिल्हा व बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील परिस्थितीच्या संदर्भात संबंधित कायदे, योजना आणि गावपातळीवरील यंत्रणा यांची चिकित्सा केली आहे.

बीजशब्द : हंगामी स्थलांतर, आजी-आजोबा, हंगामी वसतिगृह, पालकत्व, वृद्धकल्याण

प्रस्तावना

मराठी समाजमनात नातवंड म्हणजे 'दुधावरची साय' होय. आजी-नातवंडांच्या नात्यातील ओलावा या एका शब्दप्रयोगात साठवला आहे. मात्र याच शब्दप्रयोगाने एक वस्तुस्थिती झाकलीही जाते. साय आपोआप धरते. मूल आपोआप वाढत नाही. त्याला न्हाऊमाखू घालणे, वेळेवर शाळेत पाठवणे, तापाच्या रात्री जागणे, रुसवा काढणे हे सर्व श्रमाचे काम आहे. सत्तरीकडे झुकलेली, गुडघ्यांनी थकलेली स्त्री सहा-सहा महिने हे काम करते, तेव्हा ते केवळ मायेचे प्रकटन राहत नाही. त्या श्रमाला सामाजिक व आर्थिक मूल्य असते.

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव आदी जिल्ह्यांतील कोरडवाहू भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. पती-पत्नीचे जोडपे म्हणजे एक 'कोयता' हे या व्यवसायाचे मोजमाप आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल या कोयत्याला फेडावयाची असते. हिशोब जोडप्याचा असल्याने आईला घरी राहण्याची मुभा उरत नाही. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारणतः मार्च-एप्रिलपर्यंत, मुलांपुढे दोनच पर्याय असतात : फडाजवळच्या कोपीवर जाणे किंवा गावी म्हाताऱ्या माणसांजवळ राहणे. दुसरा पर्याय शिक्षणाच्या दृष्टीने श्रेयस्कर मानला गेला आणि शासनाचे धोरणही हळूहळू त्याच दिशेने वळले.

स्थलांतर रोखण्याचे धोरण आणि त्याचा गृहीत आधार

१९९० च्या दशकात स्वयंसेवी संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात सुरू केलेल्या साखरशाळा ही या प्रश्नावरील पहिली ठळक उपाययोजना होती. 'मूल जिथे, शाळा तिथे' हे तिचे तत्त्व होते. मात्र टोळ्यांची फडाफडांतून होणारी भटकंती, मध्येच बदलणारी पाठ्यपुस्तके आणि हंगामानंतर मूळ शाळेत पुन्हा जुळवून घेण्याची अडचण यांमुळे तिच्या मर्यादा स्पष्ट झाल्या. पुढे सर्व शिक्षा अभियानाच्या काळात हंगामी वसतिगृहांची कल्पना पुढे आली. पालक गेले तरी मूल गावच्या शाळेतच राहावे, यासाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत जेवणाची व निवासाची सोय करावी, असे तिचे स्वरूप आहे.

कल्पना योग्य असली तरी तिची प्रत्यक्ष रचना तपासणे आवश्यक ठरते. अनेक गावांत 'वसतिगृह' याचा अर्थ शाळेत मिळणारे जेवण एवढाच राहतो. मूल रात्री झोपावयास आजीच्याच घरी जाते. शाळेच्या दोन वर्गखोल्यांत मुलामुलींच्या सुरक्षित निवासाची व्यवस्था करणे कठीण असते, हे याचे व्यावहारिक कारण होय. संध्याकाळपासून सकाळपर्यंतची, आजारपणातील व सुट्टीच्या दिवसांतील संपूर्ण जबाबदारी अशा प्रकारे घरातील वृद्धांकडे राहते. योजनेच्या अंदाजपत्रकात धान्य, भाजीपाला, इंधन व स्वयंपाकी यांचा खर्च मोजला जातो. आजीचा खर्च त्यात मोजला जात नाही. योजना स्वस्त पडते याचे एक प्रमुख कारण हे न मोजलेले श्रम आहेत.

२०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. तिचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि प्रत्येकी १०० प्रवेशक्षमतेची ही वसतिगृहे सर्व मुलांना सामावून घेऊ शकत नाहीत. शिवाय अंगणवाडीच्या व प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तांच्या वयाचे मूल तालुक्याच्या ठिकाणी एकटे ठेवणे कोणत्याही कुटुंबाला रुचणार नाही. लहान वयाच्या मुलांसाठी आजी-आजोबांचे घर हीच प्रत्यक्षातील संस्था राहते.

कायद्यातील पालक आणि घरातील पालक

'पालक कोण?' या प्रश्नाचे उत्तर वेगवेगळे कायदे वेगवेगळे देतात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक पिता आणि त्यानंतर माता होय. आजी-आजोबांना ते स्थान नाही. पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली न्यायालयाकडून नियुक्ती करून घेता येते; परंतु सहा महिन्यांच्या सांभाळासाठी कोणी आजी जिल्हा न्यायालयाची पायरी चढेल, अशी अपेक्षा करणे अवास्तव आहे.

याउलट बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ मध्ये ज्या व्यक्तीकडे मुलाची देखभाल व ताबा आहे, ती व्यक्ती पालक या संज्ञेत समाविष्ट आहे. नैसर्गिक व न्यायालय-नियुक्त पालक हे या संज्ञेत अंतर्भूत आहेत. संज्ञा त्यांच्यापुरती मर्यादित नाही. याच अधिनियमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य माता-पिता किंवा पालक असावे लागतात. म्हणजे नातवाला सांभाळणारी आजी शाळेच्या कायद्यान्वये पालक ठरू शकते व समितीत बसू शकते. व्यवहारात मात्र समितीवर आई-वडिलांचीच नावे असतात. ज्या सहा महिन्यांत हंगामी वसतिगृह चालते, नेमक्या त्याच काळात त्यांतील स्थलांतरित सदस्य गावाबाहेर असतात. वसतिगृहावर देखरेख ठेवणारी समिती आणि वसतिगृहाचे खरे लाभार्थी यांच्यातील हा दुरावा आहे. तो दूर करण्यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. असलेल्या व्याख्येचा प्रामाणिक वापर पुरेसा आहे.

माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७ याबाबत एका वेगळ्या अर्थाने बोलका आहे. या कायद्यात 'अपत्य' या संज्ञेत मुलगा-मुलीबरोबर नातू व नात यांचाही समावेश असून अज्ञान व्यक्तींना त्यातून वगळले आहे. सज्ञान नातवाकडून आजी-आजोबांना निर्वाह मागता येतो. नात्याची कल्पना येथे एकाच दिशेने केली आहे : वृद्ध म्हणजे घेणारा आणि तरुण म्हणजे देणारा. अज्ञान नातवंडाला वाढवणारा वृद्ध, म्हणजे देणारा वृद्ध, या कायद्याच्या दृष्टिपथात नाही.

बालकल्याणाच्या योजनांतही असाच कोरा भाग आढळतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील प्रायोजकत्वाच्या तरतुदीत विस्तारित कुटुंबात राहणाऱ्या अनाथ बालकाचा उल्लेख आहे. २०२२ च्या मिशन वात्सल्यच्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद केली आहे. महाराष्ट्राच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. आई-वडील गमावलेल्या नातवंडांना सांभाळणाऱ्या वृद्धांसाठी या तरतुदी मोलाच्या आहेत. मात्र त्यांची रचना मुख्यतः मृत्यू, गंभीर आजार, विभक्तता यांसारख्या संकटांभोवती आहे. दरवर्षी येणारे आणि दरवर्षी संपणारे पालकांचे दूर असणे हे या चौकटीत संकट ठरत नाही. ते नेहमीचे झाले म्हणून अदृश्य झाले आहे.

वृद्धांच्या योजना आणि एका ताटातील वाटेकरी

वृद्धकल्याणाच्या बाजूने पाहिले असता चित्र फारसे वेगळे नाही. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून ६५ वर्षे व त्यावरील निराधार वृद्धांना मिळणारी रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाली. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे. ही रक्कम एका वृद्ध व्यक्तीच्या गरजेचा विचार करून ठरवली गेली आहे. घरात दोन-तीन नातवंडे असतील, तर तिचा वही-पेन, साबण, खाऊ, दवाखान्याचे भाडे असा विनियोग होणे अटळ असते. वृद्धांच्या पोटासाठी दिलेला पैसा बालसंगोपनाचे अनुदान म्हणून खर्च होतो आणि त्याची नोंद दोन्ही खात्यांकडे राहत नाही.

आरोग्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न ऐरणीवर आला व डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. फडात राबणाऱ्या स्त्रीच्या शरीराची चर्चा त्यामुळे सार्वजनिक झाली, ही मोठी गोष्ट होती. मात्र आज गावी राहणाऱ्या अनेक आजी काल हातात कोयता धरलेल्या होत्या. त्याच श्रमांनी झिजलेल्या शरीरावर दुसऱ्या पिढीच्या संगोपनाचा भार येतो. आजी आजारी पडली की दहा-बारा वर्षांची नात शाळा सोडून तिची शुश्रूषा करते. संगोपनाची ही उलटापालट हजेरीपटावर केवळ 'गैरहजर' या एका शब्दाने नोंदली जाते.

वयात येणाऱ्या मुलींच्या बाबतीत वृद्धांची भीती अधिक तीव्र असते. 'जोखीम नको' या भावनेतून मुलीला सोबत फडावर नेले जाते किंवा तिचे लग्न लवकर उरकले जाते. याचा दोष केवळ आजी-आजोबांच्या जुनाट विचारांवर ठेवणे अन्यायाचे होईल. रात्री-अपरात्री हाक मारावी असे माणूस किंवा व्यवस्था जवळपास नसेल, तर भीती ही अविवेकी म्हणता येत नाही.

उपलब्ध स्थानिक संसाधने : सामर्थ्य व मर्यादा

गावात यंत्रणाच नाहीत, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. अंगणवाडी, आशा स्वयंसेविका, उपकेंद्र, रेशन दुकान, महिला बचत गट, ग्राम बाल संरक्षण समिती व ग्रामपंचायत यांचे जाळे बहुतेक गावांत कागदोपत्री तरी उभे आहे. मात्र त्यांची विभागणी वयोगटांनुसार व खात्यांनुसार आहे. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला ओळखते. ती दिवसातील काही तासांची असते, पाळणाघर नव्हे. शाळा सहा वर्षांपुढील मुलाला ओळखते. निवृत्तिवेतन तहसील कार्यालयाकडून येते. एकाच घरातील तीन पिढ्या तीन खात्यांत विभागल्या जातात व त्यांना जोडणारे काम पुन्हा आजीच करते. रेशनच्या यंत्रावर झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, तेव्हा या जोडणीतील सर्वांत कमकुवत दुवा उघडा पडतो.

सांभाळणाऱ्या व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवणारी व्यवस्था अन्यत्र प्रत्यक्षात आली आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९८ मध्ये सुरू झालेले बालसाहाय्य अनुदान मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्या व्यक्तीला दिले जाते. ती व्यक्ती जन्मदाती असण्याची अट नाही. पैशाने मुलामागे जावे, हे त्यामागील तत्त्व होते. मजुरांच्या स्थलांतराने विखुरलेली कुटुंबे व आजींच्या घरी वाढणारी मुले हे त्या समाजाचेही वास्तव होते. ती योजना जशीच्या तशी येथे आणावी, असा याचा अर्थ नाही. पण प्रश्न विचारण्याची तिची पद्धत अनुकरणीय आहे.

महाराष्ट्रातील एक उदाहरणही लक्षणीय आहे. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. तिचा उद्देश साक्षरता हा होता, संगोपन नव्हे. तथापि वृद्ध स्त्रियांना ठरावीक वेळी एकत्र बसण्याची जागा मिळणे, ही गोष्ट सांभाळाच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. शाळेतून आलेली सूचना वाचू शकणारी, औषधाच्या पाकिटावरील मजकूर ओळखणारी आजी आपल्या नातवंडाची अधिक समर्थ पालक ठरते.

आक्षेप आणि विचार

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, नातवंडे सांभाळणे हा आपल्या कुटुंबपद्धतीचा सहजधर्म आहे. त्यात शासनाने पडू नये. परंतु एकत्र कुटुंबात आजीसोबत सुना, जावा, दीर असे अनेक हात असत. ऊसतोडीच्या हंगामात हे सर्व हात एकाच वेळी गाव सोडतात. जे उरते त्याला एकत्र कुटुंब म्हणणे धाडसाचे आहे. शिवाय शासन या व्यवस्थेत आधीच पडले आहे. हंगामी वसतिगृह योजना तिच्यावरच विसंबून आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आजी-आजोबांना साहाय्य दिल्याने स्थलांतराची व्यवस्था अधिक सुलभ होईल आणि कारखानदारी व मुकादमी यांची जबाबदारी करदात्यांवर पडेल. या आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच या साहाय्याचा भार साखर उद्योगाकडून येणाऱ्या निधीवर, विशेषतः लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या माध्यमातून पडणे न्याय्य ठरते. मुलाला गावी ठेवून कोयता पूर्ण वेळ फडात राबतो, याचा लाभ ज्यांना होतो त्यांनी त्याचा खर्च उचलावा.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली, ऊसतोड कामगारांची ग्रामपंचायत स्तरावर नोंदणी होते त्याच वेळी मागे राहणाऱ्या मुलांचा सांभाळ कोण करणार, याची नोंद 'हंगामी पालक' म्हणून घेता येईल. दुसरी, या नोंदीच्या आधारे शाळा व्यवस्थापन समितीत हंगामापुरता आजी-आजोबांना सहभाग देता येईल. तिसरी, आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटीत अशा घरांना अग्रक्रम देता येईल. चौथी, ग्रामपंचायतीच्या महिला व बालकल्याणासाठीच्या १० टक्के निधीतून संध्याकाळच्या वेळी चालणारे सांभाळकेंद्र उभारता येईल. त्याचा उपयोग मुलांना अभ्यासासाठी आणि वृद्धांना विसाव्यासाठी होईल.

यांपैकी बहुतेक गोष्टींना मोठ्या खर्चाची नव्हे, तर दृष्टिबदलाची गरज आहे. मुलांची गळती किती कमी झाली, हे योजनेच्या यशाचे परिमाण मानले जाते. ज्या घरातून मूल रोज शाळेत आले, त्या घरातील वृद्ध स्त्रीचे त्या सहा महिन्यांत काय झाले, हा प्रश्न त्या परिमाणात येत नाही. तो जोपर्यंत विचारला जात नाही, तोपर्यंत एका पिढीचे शिक्षण दुसऱ्या पिढीच्या वार्धक्यातून वसूल होत राहील. हंगामी वसतिगृहाच्या नोंदवहीत मुलाच्या नावापुढे सांभाळ करणाऱ्या व्यक्तीचे नाव, वय व प्रकृती यांसाठी रकाना ठेवणे ही त्या प्रश्नाची किमान सुरुवात ठरेल.